कोपीतले पहिले पुस्तक : बीड जिल्ह्यातील बालवाचनाचा पाया

बीड : दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी, माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, महाराष्ट्रातील शाळांमध्ये 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. २०१५ पासून हा उपक्रम सुरू आहे. त्या दिवशी पुस्तकांची प्रदर्शने भरतात, मुले वर्गात सामूहिक वाचन करतात. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मात्र याच सुमारास दुसरी लगबग चालू असते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, धान्याची पोती आणि कोयते बांधू लागतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि गावेच्या गावे रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानाच्या वर बसलेली तीन-चार वर्षांची लेकरे पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात काढतात. वाचनाची आवड लागण्यास जे वय सर्वांत अनुकूल, नेमके तेच वय या प्रवासात सरते.

मुलांना वाचते कसे करावे, याविषयी शहरी पालकांसाठी पुष्कळ लिहिले जाते. घरात पुस्तकांचे कपाट आहे, रात्री झोपण्यापूर्वी गोष्ट वाचून दाखविणारे आई-वडील आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्या घराचे छप्परच सहा महिन्यांसाठी बदलते आणि ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, त्या घरातील लेकराने काय करावे? बीडपुरता खरा प्रश्न हा आहे. त्याचे उत्तर अशक्य कोटीतील नाही. वाचनाचा पाया शाळेपूर्वी घातला जातो, तो घालण्यासाठी पालक साक्षर असलेच पाहिजेत असे नाही, आणि मूल जेथे जाईल तेथे पुस्तक नेता येते. या तीन गोष्टी नीट समजून घेतल्यास बरेच काही करता येण्यासारखे आहे.

वाचन कधी सुरू होते?

मूल पहिलीत गेले, पाटीवर 'ग' गिरवू लागले, म्हणजे वाचनास प्रारंभ झाला, असा सार्वत्रिक समज आहे. बालशिक्षणाचा अभ्यास वेगळे सांगतो. मूल अक्षर ओळखू लागण्याच्या कितीतरी आधी वाचनाची तयारी सुरू झालेली असते. या तयारीचे चार धागे सांगता येतील.

पहिला धागा बोलीभाषेचा. मुलाच्या कानावर जितके शब्द पडतात, जितक्या गप्पा त्याच्याशी होतात, तितका त्याचा शब्दसंग्रह वाढतो. पुढे छापील शब्द वाचताना तो ओळखीचा निघाला, तरच वाचनातून अर्थ हाती लागतो. दुसरा धागा ध्वनीच्या जाणिवेचा. 'जवारी' या शब्दाचे ज-वा-री असे तीन तुकडे होतात, 'कोयता' आणि 'कोंबडी' हे दोन्ही शब्द 'को'ने सुरू होतात, हे मुलाला ऐकून कळले पाहिजे. टाळ्या वाजवीत शब्द तोडणे, यमके जुळविणे, भेंड्या खेळणे यांतून ही जाणीव येते. तिसरा धागा छापील मजकुराच्या ओळखीचा. पुस्तक कोणत्या बाजूने उघडायचे, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्राखालच्या काळ्या खुणांत काहीतरी सांगितलेले असते, हे मुलाला पाहून पाहून समजते. चौथा धागा प्रयोजनाचा. मोठी माणसे वाचतात ती कशासाठी, हे मुलाला दिसले पाहिजे.

हा चौथा धागा ऊसतोड कामगारांच्या जीवनाशी फार जवळून निगडित आहे. फडावर छापील आणि लिहिलेल्या गोष्टी नसतात असे नाही. ट्रॉलीवर कारखान्याचे नाव असते, गाडीचा क्रमांक असतो, वजनकाट्याची पावती असते आणि मुकादमाची वही असते. त्या वहीत उचल किती, खेपा किती, खाडे किती याचा हिशेब असतो. ज्याला ती वही वाचता येत नाही, त्याला हंगामाच्या शेवटी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. पुढच्या वर्षीची उचल मागील वर्षीच्या बाकीत वळती होते आणि पिढी बदलली तरी कोयता तसाच राहतो. मुलाने वाचावे ही अपेक्षा येथे केवळ संस्काराची राहत नाही. तिचा संबंध पोटाशी येतो.

देवनागरीची वाट

मराठी वाचायला शिकण्यात काही गोष्टी सोप्या, तर काही अवघड आहेत. देवनागरीत बहुतांशी जसे लिहिले तसे वाचले जाते, ही मोठी सोय. परंतु मुलाला केवळ मुळाक्षरे शिकून भागत नाही. प्रत्येक व्यंजनाला काना, वेलांटी, उकार, मात्रा लागून बाराखडी तयार होते आणि शेकडो आकार समोर उभे राहतात. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो, म्हणून लहान मुले तेथे अडखळतात. 'र' तर 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी जातो आणि 'ट्रक'मध्ये आणखी निराळा दिसतो.

सर्व मुळाक्षरे पाठ, मग सर्व बाराखड्या पाठ, मग शब्द, अशी जुनी पद्धत आहे. तिच्यात अर्थापर्यंत पोहोचण्यास एवढा काळ लागतो की अनेक मुलांचा उत्साह मध्येच मावळतो. याउलट थोडी अक्षरे आणि एक स्वरचिन्ह घेऊन लगेच शब्द वाचावयास दिले, तर मुलाला पहिल्याच आठवड्यांत 'मला वाचता आले' हा आनंद मिळतो. म, क, न, ल ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर मका, नाक, कान, लाल, मामा, काका, नाला, कमान इतके शब्द होतात. त्यांतून दोन-तीन शब्दांची छोटी वाक्येही जुळतात.

मुलाच्या जगातील शब्दांपासून वाचन सुरू करण्याचा विचार जगभर मांडला गेला आहे. न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना त्यांच्याच मनातले शब्द पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहून देऊन वाचन शिकविले आणि १९६३ साली आपल्या पुस्तकात तो अनुभव नोंदविला. महाराष्ट्रात भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मराठी वाचन-लेखन शिकविण्याची सुसूत्र पद्धत विकसित करण्यासाठी आयुष्य वेचले. ज्या घरांत पूर्वी कोणी शिकलेले नाही, त्या घरांतील मुलांनाही अर्थासह वाचता येते, हे तेथील कामाने दाखवून दिले. बीडच्या पहिलीच्या वर्गात 'कमळ' आणि 'शहामृग' यांच्या जोडीला 'कोयता', 'मोळी', 'वाढे', 'कोपी', 'पाचट' हे शब्दही फळ्यावर आले, तर ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला ते अनोळखी वाटणार नाहीत.

बीडची अडचण कोठे आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात शाळा नाहीत असे नाही. बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा आणि अंगणवाडी आहे. अडचण कॅलेंडरची आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर ऊसतोडीचे वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. पहिलीतील मूल जूनपासून दिवाळीपर्यंत काही अक्षरे शिकते आणि नंतर पाच महिने त्या अक्षरांची गाठ पडत नाही. परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वाचनात सरावाला फार मोठे स्थान आहे. अर्धवट आलेले वाचन सरावाअभावी लवकर विसरते.

सहा ते चौदा वयोगटातील मुलांसाठी काही उपाय झाले आहेत. आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मूल गावात राहावे, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली जाते. मूल आजी-आजोबांकडे वा नातलगांकडे राहते आणि जेवणाची सोय शाळेच्या पातळीवर केली जाते. २००० नंतरच्या दशकात साखर कारखान्यांच्या परिसरात साखर शाळाही चालविण्यात आल्या. अलीकडे, २०२१ साली, राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावे वसतिगृह योजना मंजूर केली. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा अधिकार दिलेला आहेच.

या सर्व व्यवस्थेत सहा वर्षांखालील मूल मात्र कोठेच बसत नाही. ते वसतिगृहात ठेवण्याइतके मोठे नसते, म्हणून आईबरोबर जाते. गावातील अंगणवाडीत त्याचे नाव असते, पण ते स्वतः सांगली, कोल्हापूर, सातारा वा कर्नाटकातील एखाद्या फडावर असते. पोषण आहारासाठी स्थलांतरित लाभार्थींची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत घेण्याची सोय आता झाली आहे. आहाराची नोंद अशी प्रवास करते, पण गोष्टी आणि चित्रे गावातच राहतात.

फडावरील टोळ्यांचेही प्रकार आहेत, आणि पुस्तकांची सोय करताना ते ध्यानात घ्यावे लागतात. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या गाडी सेंटरच्या टोळ्या बहुधा कारखान्याजवळ एकाच तळावर हंगामभर राहतात. तेथे कोप्यांची मोठी वस्तीच वसते, त्यामुळे शाळा किंवा वाचन वर्ग चालविणे शक्य होते. डोकी सेंटरच्या टोळ्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारे मजूर, फड संपेल तसतसे गावोगाव हलत राहतात. त्यांच्यासाठी एका जागी बांधलेली कोणतीही सोय पुरेशी पडत नाही. तेथे पुस्तकच टोळीबरोबर चालले पाहिजे.

पाया कच्चा राहिल्यास काय होते, हे देशपातळीवरील आकडे सांगतात. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ साली २०.५ टक्के आणि २०२४ साली २७.१ टक्के होते. म्हणजे चारांपैकी जेमतेम एक. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. जे मूल शाळेच्या वर्षातील निम्मा काळ फडावर असते, त्याच्यासाठी हे अंतर कितीतरी अधिक आहे.

घरची बोली, पुस्तकाची भाषा

मराठवाड्याच्या बोलीत मुलाला 'लेकरू' म्हणतात, आईला 'माय' म्हणतात. पुस्तकात 'बालक' आणि 'माता' येतात. जिल्ह्यातील तांड्यांवरील बंजारा मुलांची घरची भाषा तर गोरमाटी. त्यांच्यासाठी आई ही 'याडी' आणि भाकरी ही 'बाटी'. असे मूल अंगणवाडीत गप्प बसले, तर त्याला काही येत नाही असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक त्याला एक पूर्ण भाषा येत असते, फक्त ती वर्गात ऐकू येत नाही.

यावर उपाय साधा आहे. पहिली काही वर्षे मुलाला त्याच्या बोलीत बोलू द्यावे, गोष्ट सांगताना दोन्ही शब्द जोडीने वापरावेत आणि त्याचे बोलणे दुरुस्त करण्याची घाई करू नये. मुलाने सांगितलेले वाक्य त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून, त्याखाली चित्र काढून घेतले, की ते त्याचे पहिले पुस्तक होते. आपण बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हा साक्षात्कार वाचनाच्या साऱ्या प्रवासातील सर्वांत मोठा टप्पा आहे. एकदा तो झाला, की प्रमाण भाषेकडे जाणे फारसे कठीण राहत नाही.

निरक्षर माय, समृद्ध तोंडपाठ

आपल्याला वाचता येत नाही, म्हणून आपण मुलासाठी काही करू शकत नाही, अशी खंत अनेक पालक बोलून दाखवितात. ती खरी नाही. बीड ही ग्रंथांची भूमी आहे. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस आहे. तेथीलच दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर आपली 'पासोडी' लिहिली. या ग्रंथपरंपरेच्या जोडीला न लिहिलेली एक मोठी परंपरा येथील बायांनी सांभाळली. हेमा राईरकर आणि गी पॉतवें यांनी उभारलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्याही आहेत. ज्यांच्या हाती पाटी आली नाही, त्यांच्या मुखी एवढी कविता होती.

ओव्या, उखाणे, कोडी, बडबडगीते, चुलीजवळ सांगितलेल्या गोष्टी या सर्वांतून शब्दसंग्रह वाढतो आणि ध्वनीची जाणीव पक्की होते. वर सांगितलेल्या चार धाग्यांपैकी पहिले दोन निरक्षर आजी कोणत्याही पुस्तकाविना विणू शकते. तिसऱ्यासाठी चित्रांचे पुस्तक हवे आणि तेही वाचता येण्याची गरज नसते. चित्र दाखवून 'हे कोण आहे, ते काय करतेय, आता पुढे काय होईल' एवढे विचारले, की गप्पा सुरू होतात. मजकूर छापील असो वा नसो, आजीने चित्रावरून रचलेली गोष्ट मुलाच्या लेखी तेवढीच खरी असते.

वयानुसार काय करावे?

जन्मापासून वर्षभर : बाळाशी बोलत राहावे, गाणी म्हणावीत. दूध पाजताना, न्हाऊ घालताना जे चालले आहे ते शब्दांत सांगावे. ठळक चित्रांचे कापडी पुस्तक या वयात उत्तम. ते बाळ तोंडात घालते, चुरगाळते, तरी फाटत नाही आणि धुऊन पुन्हा वापरता येते. जुन्या लुगड्याच्या पांढऱ्या अस्तरावर रंगीत दोऱ्याने बैल, चिमणी, भाकरी, चांदोबा भरून असे पुस्तक घरीही शिवता येईल.

एक ते तीन वर्षे : तेच ते पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागते. कंटाळा न करता दाखवावे. पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात. चित्रावर बोट ठेवून नाव विचारावे, मुलाने एक शब्द सांगितला तर आपण त्याचे वाक्य करून म्हणावे. मूल 'बैल' म्हणाले, तर 'हो, पांढरा बैल पाणी पितोय' असे आपण पुढे न्यावे.

तीन ते पाच वर्षे : गोष्ट सांगताना मध्येच थांबून पुढचा शब्द मुलाला म्हणू द्यावा. टाळ्यांनी शब्द तोडण्याचे, एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द शोधण्याचे खेळ घ्यावेत. कोळशाने, काडीने, मातीत हवे तसे रेघोट्या ओढू द्याव्यात. ही रेघोटी म्हणजेच लेखनाची सुरुवात. मुलाचे स्वतःचे नाव त्याच्या ताटलीवर किंवा पिशवीवर लिहून ठेवावे. बहुतेक मुले पहिला शब्द ओळखतात तो आपल्या नावाचा.

पाच ते सहा वर्षे : थोडी अक्षरे, लगेच शब्द, हा क्रम ठेवावा. बिस्किटाच्या पुड्यावरील, एस.टी.च्या पाटीवरील, ट्रॉलीवरील ओळखीची अक्षरे शोधावयास सांगावे. मोठ्यांनी वाचून दाखविणे थांबवू नये.

सहा ते आठ वर्षे : या वयात मूल स्वतः वाचू लागते, पण अडखळते. एका पानावर एक-दोन ओळींची, मोठ्या टायपातील पुस्तके द्यावीत. चुकले तर लगेच टोकू नये, वाक्य संपू द्यावे. मूल वाचावयास लागले की वाचून दाखविणे बंद करण्याची प्रथा चुकीची आहे. त्याच्या ऐकण्याची झेप त्याच्या वाचण्याच्या झेपेपेक्षा कितीतरी पुढे असते.

काय टाळावे?

तीन-चार वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेणे हानिकारक आहे. त्याच्या बोटांचे स्नायू तेवढे तयार झालेले नसतात आणि लिहिणे म्हणजे शिक्षा असा ग्रह होतो. 'अमक्याचा मुलगा वाचतो, तुला येत नाही' ही तुलना मुलाला पुस्तकापासून दूर नेते. चुकीसाठी मारणे तर सर्वथा वर्ज्य. फाटेल म्हणून पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवणे हाही एक दोषच. शाळेतील पेटीतली कोरी करकरीत पुस्तके ही अभिमानाची नव्हे, चिंतेची बाब मानावी. मुलाला गप्प बसविण्यासाठी मोबाइल हाती देणे आता फडावरही पोहोचले आहे. मोबाइलवर गोष्ट ऐकविता येते, परंतु शेजारी बसून त्या गोष्टीवर बोलणारे माणूस नसेल, तर तिचा भाषेला फारसा उपयोग होत नाही.

पुस्तके कोणती आणि कोठून?

लहान मुलांचे पुस्तक निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. चित्र मजकुराइतकेच बोलके आहे काय, वाक्ये कानाला गोड लागतात काय, मुलाला आपल्यासारखे कोणी त्यात भेटते काय आणि शेवटी उपदेशाचा डोस तर नाही ना. मराठीत आता अशा पुस्तकांची वानवा नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केलेली माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका घरातल्या साध्या नात्यांविषयी बोलते, तर त्यांचे 'चित्रवाचन' नुसत्या चित्रांवरून गप्पा करण्यासाठी आहे. निरक्षर पालकांना ते विशेष उपयोगी ठरावे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके अल्प किमतीत मिळतात. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त चित्रपुस्तके काढली आणि २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर ती मराठीतही विनामूल्य वाचण्यास व छापून घेण्यास उपलब्ध करून दिली. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते. ते थोड्या मोठ्या मुलांसाठी असले, तरी त्यातील गोष्टी धाकट्यांना वाचून दाखविता येतात. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर आहेत.

गावातील सार्वजनिक वाचनालय हा आणखी एक आधार. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी अनेकांची ओळख वर्तमानपत्रांचे टेबल एवढीच उरली आहे. एका कोपऱ्यात सतरंजी टाकून, मुलांच्या उंचीवर दोरी बांधून तिच्यावर पुस्तके टांगून ठेवली, तरी बालविभाग सुरू होतो. आठवड्यातून एक तास कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविले, तर तो जिवंत राहतो.

पुस्तक फडावर जाईल कसे?

मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे न्यावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी ते हयातभर चालविले. बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली, तेव्हा तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविली, ती कुरणशाळा. ज्या अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर पसरली, तिचे मूळ या प्रयोगांत आहे. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी जे झाले, ते कोयत्यामागे जाणाऱ्या मुलांसाठी का होऊ नये?

परदेशांतील दोन उपक्रमही येथे मार्गदर्शक ठरतील. अमेरिकेत बोस्टन येथील रुग्णालयात १९८९ साली डॉक्टरांनी तपासणीस आलेल्या बालकांच्या पालकांना चित्रपुस्तक भेट देण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅम येथे आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत बाळांना पुस्तके देण्याचा उपक्रम सुरू झाला. दोन्हींचे मर्म एकच आहे. जी यंत्रणा प्रत्येक बाळापर्यंत आधीच पोहोचते, तिच्याच हाती पुस्तक द्यावे. बीडमध्ये अशी यंत्रणा आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना आपल्या गावातील कोणते कूटुंब केव्हा निघणार, हे ठाऊक असते. निघण्यापूर्वीच्या लसीकरणाच्या वा आहारवाटपाच्या दिवशी प्रत्येक लहान मुलामागे दोन चित्रपुस्तके, एक पाटी आणि खडू अशी कापडी पिशवी देता येईल. परतल्यावर ती पिशवी अंगणवाडीत बदलून घ्यावी. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत पिशव्यांची अदलाबदल झाली, तर प्रत्येक लेकराच्या वाट्याला हंगामभरात वीसेक पुस्तके येतात. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, एखादे गणेश मंडळ यांना हा खर्च पेलण्याजोगा आहे.

राज्यात २०२२ साली झालेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव मातांचे गट करून त्यांना मुलांसोबत करावयाच्या सोप्या कृती दाखविण्यात आल्या. असा गट टोळीतही होऊ शकतो. फडावरील दिवस पहाटे, अंधारातच सुरू होतो आणि गाडी भरेपर्यंत संपत नाही. त्यामुळे तासाभराची अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरेल. भाकरीनंतरची दहा मिनिटे पुरतात. मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेने सायंकाळी गोष्टींचा एक तास ठेवला, तर घराच्या आठवणीने कासावीस होणाऱ्या लेकरांना तो वाचनाहून अधिक काही देईल.

येथे एक सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. फडावर धाकट्यांना सांभाळणारी बहुधा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण असते. तिने भावंडांना गोष्टी वाचून दाखवाव्यात, असे सुचविणे सोपे आहे आणि ती ते आनंदाने करीलही. परंतु तिला तेथे ठेवण्यासाठी ही सबब होता कामा नये. तिची जागा शाळेत आहे. धाकट्याला पुस्तक मिळावे म्हणून थोरलीचे पुस्तक मिटले, तर मिळविले काय?

पहिले पान

वाचनाची गोडी लावण्यास मोठ्या इमारती लागत नाहीत. एक मूल, त्याला मांडीवर घेणारे एक माणूस आणि दोघांच्या मध्ये उघडलेले एक पान एवढे पुरते. ते माणूस साक्षर असेल तर उत्तम, नसेल तर चित्रावरून सांगेल. जागा वाड्यातील ओसरी असेल किंवा पाचटाने शाकारलेली कोपी. ऊसतोडीचे स्थलांतर एका वर्षात थांबणार नाही. त्यासाठी सिंचन, रोजगार आणि मजुरीचे दर यांचे मोठे प्रश्न सुटावे लागतील. तोवर दरवर्षी लहान मुलांची एक पिढी ट्रॉलीत बसून जात राहणार आहे. येत्या हंगामात सामान बांधताना पोत्यांच्या आणि भांड्यांच्या मध्ये एका पातळ पुस्तकापुरती जागा ठेवली, तर त्या पिढीतील काही लेकरे तरी पुढे मुकादमाची वही स्वतः वाचतील. कदाचित त्यांच्या हाती कोयता येणारही नाही.